फ्लॅबरगास्टेड आणि उत्तमराव

तालुका नेर, जिल्हा यवतमाळ
मंगळवार, १६ डिसेंबर २०२५

चिरंजीव अर्पितास,

आबांचा भरभरून आशीर्वाद आणि जय भीम.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझी आजी सकाळपासून तुरीच्या शेंगा सोलत बसली आहे. तू येशील तेव्हा सोल्यांची भाजी करायची म्हणून ती आत्तापासून सराव करते, म्हणजे तीच भाजी रोज मला खावी लागते. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. थंडी बरीच पडली आहे, म्हणून मफलर बांधून ओट्यावर उन्हात बसून लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं तर दोष उन्हाला दे, मला नको.

रविवारी फोनवर तू विचारलंस, आबा, फ्लॅबरगास्टेड या इंग्रजी शब्दाचा अर्थ, उच्चार आणि उगम सांगा, शाळेच्या परिपाठात बोलायचं आहे. मी सांगायला सुरुवात केली. मग मध्येच तू दुसरंच काहीतरी विचारलंस आणि मी ‘रेंज नाही, रेंज नाही’ म्हणत फोन ठेवला. रेंज चांगली होती. पण आधी तुझा अभ्यास. शिक्षकाने नेमलेला धडा आधी संपवावा, मग गावगप्पा कराव्यात.

तर अर्थ. इंग्रजीत आश्चर्याचे शब्द पुष्कळ. सरप्राइज्ड म्हणजे नवल वाटलं. अमेझ्ड म्हणजे जरा जास्तच वाटलं. फ्लॅबरगास्टेड म्हणजे इतकं वाटलं की माणसाची बोलतीच बंद झाली. आपण ‘अवाक् झाला’ म्हणतो ते याच्या सर्वांत जवळचं. ‘तोंडात बोट घातलं’ हेही चालेल. मात्र हा शब्द अंगाने जरा गमत्या आहे हे ध्यानात ठेव. मयताची बातमी ऐकून कोणी फ्लॅबरगास्टेड होत नसतो. चोराने चोरलेली सायकल स्वतः पंक्चर काढून परत आणून लावली, तर तिचा मालक होतो.

उच्चार. सगळा जोर पहिल्या अक्षरावर, फ्लॅवर. तो नीट दिला की बाकीचा शब्द उतारावर सायकल सोडल्यासारखा आपोआप जातो. फ्लॅ-बर-गास्-टिड. शेवटी टेड लिहितात, पण म्हणायचं हलकं, टिड. इंग्लंडातले लोक मधला र खाऊन टाकतात आणि गास् लांबवतात. अमेरिकेतले र पुरता म्हणतात आणि गॅस् म्हणतात. तू कसंही म्हण, फक्त पुटपुटू नकोस. आपल्याकडच्या मुलांचं इंग्रजी उच्चाराने बिघडत नाही, पुटपुटण्याने बिघडतं. नोकरीभर मी हे ओरडून सांगितलं, ओरडण्याचीही गरज होतीच.

आता उगम, आणि इथे खरी मजा आहे. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात कोणीतरी तक्रार छापली की हल्ली लोक नवे नवे फॅशनचे शब्द बोलतात, आणि त्यात हा शब्द सापडतो. त्याच्या आधी तो कुठे होता, कोणी पहिल्यांदा म्हटला, काही पत्ता नाही. काही पंडित म्हणतात की लिबलिबीत अशा अर्थाचा एक शब्द आणि धास्तावलेला अशा अर्थाचा दुसरा, यांचं लग्न लागून हा झाला. पण तो अंदाज. चांगला शब्दकोश उघडलास तर या शब्दापुढे सरळ लिहिलेलं असतं की उगम नक्की माहीत नाही.

हे मी तांड्याजवळच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा नेमसिंग नावाचा पोरगा मागच्या बाकावरून उठला. “सर, म्हंजे या शब्दाचा बाप कोण ते इंग्रजायलेच मालूम नाई?” मी म्हटलं, नाही मालूम. सगळा वर्ग खूश झाला. ज्या इंग्रजीपुढे ही पोरं चळचळ कापायची, तिच्या घरातही एक शब्द असा आहे की ज्याची कुळकथा कोणाला सांगता येत नाही, आणि तरी कोणी त्याला बाहेर काढत नाही. तो आपल्या पानावर मांडी घालून बसला आहे. त्या दिवशी पोरांची भीती जी गेली ती गेली.

तुझा अभ्यास इथे संपला. पण उदाहरणाशिवाय शब्द शिकवणं मला पटत नाही. उदाहरण ताजं आहे, गेल्या आठवड्यातलं आहे, आणि त्यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तू विचारलंस, “आबा, तुम्ही उत्तमराव कधीपासून झालात?”

त्याचं असं झालं. तुझ्या बाबाने गावच्या शाळेला वाचनालयाची खोली बांधून दिली. मला न विचारता, न सांगता. पाया खणला तेव्हा मला वाटलं सरकारी शौचालय होतंय. भिंती वर आल्यावर हेडमास्तर घरी पेढे घेऊन आले आणि म्हणाले, तुमच्या नावाचं वाचनालय आहे सर. अर्पिता, मी आयुष्यात कोणापुढे डोळे पुसले नाहीत, त्यांच्यापुढेही पुसले नाहीत. ते गेल्यावर पुसले. ज्या शाळेत माझ्या बापाला पाणी प्यायला ओंजळ पुढे करावी लागली, वरून कोणीतरी ओतेपर्यंत थांबावं लागलं, त्या शाळेत माझ्या पोराने पुस्तकांची खोली बांधली. मी त्या आठवड्यात विनाकारण शाळेवरून चार-चार चकरा मारल्या. तुझी आजी म्हणाली, खोली पळून नाही जात.

मग शुक्रवारी नेमसिंग घरी आला. तोच, मागच्या बाकावरचा. आता नेरला बसस्टँडजवळ त्याचं पेंटरचं दुकान आहे, बरं चालतं. वाचनालयाचा बोर्ड त्यालाच दिला होता. मोबाइलवर फोटो दाखवला. निळ्यावर पिवळी अक्षरं, एकही वेलांटी हललेली नाही. उकंडा रामराव मुनेश्वर वाचनालय. मी शाबास म्हणणार तेवढ्यात तो म्हणाला, “सर, प्रफुल्लभाऊनं उत्तमराव लिहून धाडलं होतं. मले वाटलं टायपिंगमधी चुकले असन. मी सुधरवून टाकलं. कोणाले आपल्या बापाचं नाव नाई मालूम असं होते का?”

हे बघ, यालाच म्हणतात फ्लॅबरगास्टेड. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नेमसिंगला वाटलं सर खूश होऊन गप्प झाले. चहा पिऊन गेला बिचारा.

मी स्वतःची समजूत घातली की खरंच टायपिंगची चूक असेल. पण शनिवारी गावाच्या ग्रुपवर तुझ्या बाबाने पाठवलेली उद्‍घाटनाची पत्रिका आली, तीन जानेवारीची. त्यातही उत्तमराव. संध्याकाळी किसनसिंग, माझा लहानपणचा सोबती, काठी टेकत आला आणि विचारू लागला, “हा उत्तमराव कोण हाय? प्रफुल्लचा सासरा काय? आन् तुह्या पोरानं तुह्यं नाव काहून नाई देल्लं?” तुझ्या आजीने त्याला सोल्यांची भाजी वाढून विषय बदलला. रविवारी तूही तेच विचारलंस, आणि वर म्हणालीस, “बाबा म्हणतात, लोक हसतील.” तेव्हा माझी रेंज गेली.

लोक हसतील हे तुझ्या बाबाचं खरं आहे. म्हणून आता तुला माझ्या नावाचा उगम सांगतो. तो तुझ्या बाबालाही ठाऊक नाही. माझ्या आईने, म्हणजे कांताबाईने, जिवंत असेपर्यंत कोणाला सांगू दिला नाही. मोठ्याने सांगितलं की दृष्ट लावणारा जागा होतो, असं तिचं होतं. मी अशा गोष्टी मानत नाही. पण आई मानत होती आणि मी आईला मानत होतो.

माझ्या आधी आईची दोन लेकरं गेली. एक मुलगा, एक मुलगी. दोघांची नावं हौसेने ठेवली होती. मी जन्मलो तेव्हा वस्तीतली दाई जमनाबाई म्हणाली, हौस पुरे झाली. तिने मला फडक्यात गुंडाळलं आणि घरामागे उकंड्यावर, शेणकचऱ्याच्या ढिगावर, नेऊन ठेवलं. परत येऊन दार वाजवलं. “वो कांताबाई, मले उकंड्यावर पोरगं सापडलं. तुले पायजे काय?” आईने सूपभर ज्वारी तिच्या पदरात टाकली आणि मला विकत घेतलं. मरणाला वाटावं की हे तर टाकलेलं पोर आहे, याच्यात काय ठेवलंय, असा तो हिशोब. नाव पडलं उकंडा. आणि बघ, मी जगलो. त्याचं कारण उकंडा नाही, हे मी तुला विज्ञान मानणारा माणूस म्हणून सांगतो. पण आईच्या काळजाला दम त्या नावानेच आला.

पुढे छप्पन साली माझे वडील, रामराव, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. घरातले देव काढले, गंडेदोरे काढले. वस्तीत पोरांची नावं बदलायची लाट आली. गौतम, राहुल, आनंद, सुंदर सुंदर नावं. वडील म्हणाले याचंही बदलू. आईने देव सोडले होते, उपास सोडले होते, एका शब्दाने कुरकुर केली नव्हती. नावाला मात्र ती दारात आडवी उभी राहिली. “तुमी म्हनसान ते समदं सोडलं. पन ज्या नावानं माह्यं पोरगं जगलं, ते नाई सोडत मी.”

वडिलांना ते पटलं नव्हतं. शाळेत घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी नाव ऐकलं, हसले, आणि म्हणाले, मी आपला उत्तम लिहितो. बघ, उ म्हटला की सगळ्यांना उत्तमच सुचतो. वडिलांना आयती संधी होती. घरी आईला सांगता आलं असतं की गुरुजींनी लिहून टाकलं. पण त्या गुरुजींचं हसणं पाहिलं आणि माझ्या बापाचं डोकं फिरलं. ते म्हणाले, “गुरुजी, उकंडाच लिवा. नाव हसासारखं असन, तर पोराले असं शिकवा का हसनारा गप झाला पायजे.”

मी ते ऐकलं. हजेरीपटावर माझं नाव आलं तेव्हापासून ते ऐकतोच आहे. वस्तीतला पहिला मॅट्रिक मी, पहिला बी.ए. मी, तोही इंग्रजी घेऊन. नोकरीत जिथे बदली झाली तिथे पहिल्या तासाला मी वर्गात जायचो आणि काही न बोलता फळ्यावर स्वतःचं नाव लिहायचो, मोठ्या अक्षरात, पूर्ण. पोरं खुदुखुदू हसायची. मी म्हणायचो, हसून घ्या, पोटभर हसा, आजचा तास त्यालाच ठेवलाय. सगळं हसू संपलं की मग मी इंग्रजीतून बोलायला लागायचो. महिन्याभरात तीच पोरं आपल्या घरी सांगायची, आमचे उकंडा सर. आज नेरच्या बाजारात मी कापूस विकायला गेलो तर चार दुकानांतून हाक येते, “उकंडा सर, च्या घ्या.” ती हाक ज्याने ऐकली नाही त्याला मी काय मिळवलं ते कळणार नाही.

म्हणून सांगतो. ज्या इंग्रजी शब्दाच्या जन्माचा कोणालाच पत्ता नाही, तो शब्दकोशात ताठ बसतो. आणि माझं नाव कुठून आलं, कोणी ठेवलं, कोणी राखलं, कशाकशासाठी राखलं, हे सगळं मला ठाऊक असताना ते मी माझ्याच नावाच्या खोलीवरून उतरवू? त्या नावात माझी आई आहे आणि बापही आहे. शाळेतली नवी पोरं बोर्ड वाचून हसतील, हसू देत. हसलेलं पोर आत डोकावतं. आत पुस्तकं आहेत.

तुझ्या बाबावर मी चिडलो आहे, हे लपवत नाही. तीन दिवस त्याचा फोन उचलला नाही. त्याने खोली बांधली याचा मला जेवढा गर्व आहे तेवढाच राग आहे, आणि दोन्ही एकाच पोटात ठेवणं या वयात सोसत नाही. त्याचा हेतू वाईट नसेल. पण तीन तारखेला बोर्डावर उत्तमराव असतील तर मी उद्‍घाटनाला येणार नाही. मला बोलावणंच नाही. बोलावणं उत्तमरावांना आहे, आणि त्यांना मी ओळखत नाही. मी शेतात तूर कापायला जाईन. नेमसिंगला सांगून ठेवलं आहे, बोर्ड कापडात गुंडाळून दुकानात ठेव, बदलायचा की नाही ते प्रफुल्ल ठरवेल. खोली त्याने बांधली आहे, तेव्हा शेवटचा शब्द त्याचा.

हे पत्र त्याला वाचून दाखव. त्याच्या हातात देऊ नकोस, तो मोबाइल बघत बघत वाचेल. तू मोठ्याने वाच, आणि पुटपुटू नकोस.

आईला आशीर्वाद सांग. आजीने तुझ्यासाठी लोकरीची टोपी विणली आहे, डोक्याला मोठी होईल, पण तसं म्हणू नकोस.

ज्याला टाकून पुन्हा विकत घेतलं, तो तुझा आबा,
उकंडा

पुणे
सोमवार, २२ डिसेंबर २०२५

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम.

तुम्हाला पत्र लिहून किती वर्षं झाली ते आठवत नाही. सुरुवात कशी करायची हे अर्पिताला विचारलं. ती म्हणाली, आधी तब्येत विचारायची. तर तब्येत सांभाळा, आणि आईला म्हणावं भाजीचा सराव थोडा कमी कर.

पत्र तिने काल संध्याकाळी वाचलं, सगळ्यांसमोर, तुम्ही सांगितलं तसं मोठ्याने. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. जमनाबाईंच्या ओळी आल्या तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. ती थांबली नाही, आवाज वाढवला. तुमच्यावरच गेली आहे.

मी तुमच्या वर्गात कधी बसलो नाही. तुमच्या बदल्या होत राहिल्या, मी आईबरोबर नेरला शिकलो आणि तिथून अमरावतीला होस्टेलवर गेलो. तुम्ही फळ्यावर नाव लिहायचा हे मला काल कळलं. होस्टेलमधलं मात्र तुम्हाला आजवर माहीत नाही. पहिल्या महिन्यात माझ्या वहीवरचं पूर्ण नाव कोणीतरी वाचलं. त्यानंतर मेसमधून येताना पोरं ताटातलं खरकटं आणून माझ्या पलंगाखाली टाकायची आणि म्हणायची, कचरा उकंड्यातच टाकावा. मी रोज झाडून काढायचो. घरी सांगितलं असतं तर तुम्ही पुढच्या बसने आला असता, आणि त्या पोरांनी तुम्हाला पाहून तेच म्हटलं असतं. ते मला सहन झालं नसतं. म्हणून दुसऱ्या वर्षी खोली बदलली आणि वहीवर प्रफुल्ल यू. मुनेश्वर लिहिलं. यू म्हणजे काय असं कोणी विचारलं की उत्तम सांगायचो. कॉलेजात तेच, नोकरीत तेच, केबिनच्या दारावरही तेच. इतकी वर्षं सांगितलं की पत्रिका करताना हात आपोआप तिकडे गेला. मला खरंच वाटलं, की मी तुम्हाला त्या खरकट्यापासून वाचवतोय.

तुम्हाला वाचवायची गरज नव्हती, हे काल समजलं. तुम्ही हसणाऱ्यांना पहिल्याच तासाला गाठायचा. मी पळत राहिलो.

रात्रीच ग्रुपवर नवी पत्रिका टाकली आहे, तुम्ही फोन बंद ठेवला म्हणून पाहिली नसेल. सकाळी नेमसिंगला फोन करून सांगितलं, बोर्ड आहे तसाच लावा. तो म्हणाला, “तसाच हाय भाऊ. तुमी बदलवा म्हनलं असतं, तरी म्या नसता बदलवला. दुसरा पेंटर पाहा म्हनलं असतं.” मग म्हणाला, देणगीदार म्हणून तुमचं नाव खाली टाकायचं आहे, कसं टाकू. मी सांगितलं ते त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्यांदा अर्पिता बाजूला उभी होती, तिने खूण केली की बाबा, पुटपुटू नका.

आम्ही दोन तारखेला येतो. बोर्डावरचं कापड तुम्ही काढायचं, आणि नाव गावासमोर मी वाचणार.

आपला मुलगा,
प्रफुल्ल उकंडा मुनेश्वर